नवलच्या मापाची सायकल

“बसून बघा,” दुकानदार प्रेमराज म्हणाले, तसा नीलेश सायकलवर चढला. त्याचे पाय जमिनीला बरोबर टेकले. प्रेमराज समाधानानं मान हलवणार, तेवढ्यात नीलेशचे मामा, वनाभाऊ, पुढे झाले.

“याना मापनी नको. मना पोऱ्या नवल यानापेक्षा वीतभर उंच शे.”

नीलेश उतरला.

वनाभाऊ पिंपळनेरकडचे शेतकरी. बैलांच्या बाजारात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण धुळ्यातल्या या चकचकीत दुकानात ते पार गांगरून गेले होते. खूर उचलावा तसं त्यांनी एका सायकलचं चाक उचलून पाहिलं, सीटवर थाप मारली आणि गिअरच्या तारा बघून हात मागे घेतला. दात बघायची सोय असती तर तेही बघितले असते.

नवलसाठी अंदाजानं आणलेली वस्तू त्यांना आजवर कधी साधली नव्हती. चपला आखूड, सदरा ढगळ. पोरगा बिचारा काही न बोलता जाऊन बदलून आणायचा. सायकल मात्र त्यानं तोंड उघडून मागितली होती आणि वनाभाऊ नुसतं “पाहू” म्हणत राहिले होते. आज घेतलेली सायकल बदलता येणार नव्हती. ती नवलला नेमकी हवी, एवढ्यासाठीच त्यांचा जीव खालीवर होत होता.

“ही बारीक टायरची,” प्रेमराज सांगू लागले. “डांबरी रस्त्यावर वाऱ्यासारखी पळेल, पण शेतवाटेला काटा शिरलाच म्हणून समजा. ती जाड टायरची. दगडधोंडे, रेती, तिला काही अडत नाही. रस्त्यावर मात्र दम काढते. तुमचा मुलगा जास्त कुठे चालवणार?”

वनाभाऊंनी उगाच टोपी सारखी केली.

“दोन्ही वाटास्वर चालनी पाहिजे.”

“मग ही मधली घ्या. पण दोन्हीकडे थोडी कमीच पडते, आधीच सांगतो. रस्ता कळला तर नेमकी देता येईल. मुलालाच घेऊन या ना.”

“तो येवाव नही.”

“मग फोन लावा. कुठून कुठे जायचंय ते विचारून घेऊ.”

वनाभाऊ शेजारच्या स्टुलावर बसले. नीलेशनं मामाकडे पाहिलं, मग तोच बोलला.

“नवलदादा गेला, शेठ. उद्या त्याची गंधमुक्ती आहे. त्या उत्तरकार्यात घरच्या भाच्याला दिलेलं दान गेलेल्याला पोचतं, म्हणतात. ही सायकल मला मिळणार आहे.”

प्रेमराज वनाभाऊंजवळ वाकून हळूच म्हणाले, “मग भाऊ, चालवणार तर हेच. यांच्याच मापाची घ्या. यांच्याच रस्त्याची घ्या.”

वनाभाऊ उठले. मधल्या सायकलच्या हँडलवर त्यांनी हात ठेवला.

“हाऊ नीलेश फक्त हात पुढे करी. सायकलवर बसाव ते नवल शे,” ते म्हणाले. “आपन गेलेल्या मानूसले छत्री देतस, चपला देतस. पन शेठ, कोन्ही परत ईसन सांगं नही, तठली वाट डांबरी शे का कच्ची.”