दोघांनी खेळायची मशीन

स्क्रू ओठांत धरून काकू मशीनच्या पाठीमागून अर्ध्या आत शिरल्या होत्या.

“प्लग काढलाय ना, काकू?” टीव्ही दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“काढलाय. एवढं कळतं मला.”

मशीन बाहेरच्या खोलीत मधोमध उभी होती. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तसली, कपाटाएवढी. तरुणपणी काकांच्या दुपारच्या दुपारी अशा मशीनपुढे जायच्या. एक जुनं पार्लर बंद पडलं तेव्हा त्यांनी ही उचलून आणली. वाळवीने खाल्लेल्या फळ्या फेकल्या, नवी पेटी स्वतः रंधा मारून बांधली, आतला पडदा दुरुस्त करून घेतला. काकूंनी पहिले काही दिवस कटकट केली. मग लाकडाच्या भुशाची त्यांनाही सवय झाली.

आणि काका गेले. अगदी अचानक. आदल्या संध्याकाळी मोरीत रंगाचा ब्रश धुताना म्हणाले, “आता बटणं आणि वायरी तेवढ्या राहिल्या.” सकाळी काकूंचं जग उलटंपालटं झालं होतं.

मुलगा मिळेल त्या गाडीने आला. शेजारणी येऊन बसल्या. काकूंच्याच स्वयंपाकघरात दुसरंच कोणी चहा करत होतं आणि काकूंना कप कुठे ठेवलेत ते सांगायचंही सुचत नव्हतं. काही दिवस माणसांचा राबता राहिला. दोघांचा फोटो मुलाने भिंतीवरून उतरवला. “सारखा डोळ्यांसमोर नको,” म्हणाला. मग तोही आपल्या नोकरीवर गेला.

संध्याकाळी घर खायला उठायचं. हाताच्या सवयीने स्वयंपाक दोघांचाच व्हायचा. उरलेलं काकू दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्यानेच संपवायच्या. एकट्यासाठी ताट काय मांडायचं. टीव्हीचा आवाज मोठा ठेवायच्या, बघायच्या मात्र नाहीत. मशीनवर त्यांनी एक जुनी चादर टाकली होती. ती टाकल्यावर कोणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन उभं असल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी त्यांनी चादर ओढून काढली, घडी केली आणि कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं.

“मला शिकव,” त्या म्हणाल्या. “तू करू नकोस. मीच करणार.”

उभा जन्म शिवणाच्या मशीनवर गेलेला. वायरी त्यांना दोऱ्यांसारख्याच वाटल्या. कोणती कुठून निघाली, कुठे टाचायची, एवढंच. सोल्डरने बोटं भाजली, दोनदा फ्यूज उडाला. एकदा आख्खं जोडकाम उलटं झालं आणि वर ढकललं की पडद्यावरचं विमान खाली जायला लागलं. दुरुस्तीवाला हसला. खूप दिवसांनी काकूही हसल्या.

“काका असते तर बघत राहिले असते,” तो बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

काकू वायर सोलत राहिल्या.

मुलाचा फोन आला की विषय तोच.

“आई, ती मशीन भंगारात दे.”

“पूर्ण करतेय मी.”

“कोणासाठी?”

“त्यांचं काही अर्धवट राहायला नको माझ्याकडे.”

मग तो म्हणाला, “मला बाबांबद्दल बोलवत नाही, आई. अजून नाही.”

“नको बोलूस. जेवलास का?”

शेवटचं बटण बसलं त्या दिवशी दुरुस्तीवाला दुसऱ्या कामावर होता. काकूंनी एकटीनेच प्लग लावला. पडदा आधी करडा झाला, मग निळा, मग खालून दोन विमानं वर आली. एक लाल, एक पिवळं. खेळ दोघांचा होता. काकूंनी डाव्या हाताने लाल धरलं, उजव्या हाताने पिवळं. दोन्ही धड चालवता येईनात. पिवळं लगेच पडलं. लाल बराच वेळ एकटंच इकडेतिकडे फिरत राहिलं, कारण काकूंना त्याला कुठे न्यायचं ते समजत नव्हतं.

शेजारीण बघायला आली. काचेवरून हात फिरवून म्हणाली, “आता काय करणार हिचं?”

“देऊन टाकणार.”

“एवढी मेहनत घेऊन? मग चांगल्या घरी तरी द्या.”

“एक घर बघून ठेवलंय,” काकू म्हणाल्या. “तिथे वापर होईल.”

शेजारणीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

टेम्पो दुरुस्तीवाल्यानेच ठरवला. काकूंनी काकांचे शर्ट इस्त्री करून एका पिशवीत भरले आणि ती पिशवीही मशीनशेजारी ठेवली.

“काकू, मी सोडून येतो सगळं,” तो म्हणाला. “तुम्ही कशाला त्रास करून घेता?”

“मला यायचंय.”

नदीचा पूल ओलांडला, पाण्याची टाकी मागे पडली. काकूंनी केस नीट विंचरले होते, ठेवणीतली साडी नेसली होती. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मशीन मावेना. हमालांनी ती जिन्यावरून चढवली. काकू मागून चढत होत्या, “कोपरा सांभाळा, रंग नवा आहे,” असं सांगत.

दार उघडायला वेळ लागला. आतली बाई चाळिशीच्या आसपासची, ओले हात पदराला पुसत आलेली. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मशीन द्यायला आलेय,” काकू म्हणाल्या. “बटणं, वायरी, सगळं झालंय.”

बाई दारातून हलली नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, “कोण आलंय गं?”