नामाजीची राखण

"हात सोडू नको," बसमधून उतरता उतरता नामाजीनं बायकोला तिसऱ्यांदा बजावलं. "ही काई औंढ्याची जत्रा न्हाई. हितं हरवलीस तर कुणाला इचारशील?"

"न्हाई सोडत," सुभद्राबाई म्हणाली आणि तिनं त्याचा पंजा घट्ट धरला.

इस्तंबूलवर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. चाळिशीचा गाईड प्रमोद लाल झेंडी उंच धरून पुढं झाला. त्याच्यामागं हिंगोली-वसमतकडची बावीस माणसं आणि सगळ्यांत शेवटी सुभद्राबाईनं चढवलेल्या जॅकेटात नामाजी. त्यानं उभा जन्म शिरड शहापूरच्या माळावर मेंढरं राखली होती. राखणारा कळपाच्या मागं चालतो, हे त्याच्या पायांनाच ठाऊक होतं.

"बाबा, जरा पुढं या की!" प्रमोद ओरडला.

"तू वाट दाव. मी मागनं वळतो."

"म्हंजे आमी मेंढरं व्हय?" केशरबाई म्हणाली, आणि सगळा घोळका खळखळून हसला.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या लेकानं, बजरंगनं, दोघांना धाडलं होतं. विमानतळावर तो बापाच्या कानाशी लागून म्हणाला होता, "बाबा, काही झालं तरी आईचा हात सोडू नका." नामाजी समजायचं ते समजला होता. आईचं बदललेलं पोरालाही दिसत होतं तर. गेल्या वर्षापासून ती एकच गोष्ट दहादा विचारायची.

निळ्या मशिदीत पायताणं काढून सगळे आत गेले. घुमटाकडं बघता बघता नामाजीची टोपी पडली. आभाळ कुणी धुऊन, निळीत बुडवून वर वाळत घातलंय, असं त्याला वाटलं.

"अवो, हे गाव कोणतं म्हणालात?" सुभद्राबाईनं हळूच विचारलं.

"इस्तंबूल."

"आन आपलं?"

"शिरड शहापूर. तेबी इसरलीस?"

"तुमी सांगितलं की ध्यानात ऱ्हातं."

शंभर मेंढरांतली एकेक तोंडावरून ओळखणारी ही बाई. पण तो चिडला नाही. लेकराला सांगावं तसं त्यानं पुन्हा सांगितलं: गाव, तालुका, लेकाचं नाव. ती मान हलवत राहिली.

माणसं मात्र मायेची होती. चालताना अनोळखी लोक वाट करून देत. एका पोलिसानं तर नामाजीचा दंड हलकेच धरून त्याला रस्ता ओलांडून दिला.

"काहून इतकी इज्जत देऊन राहिले रे हे लोक?" त्यानं प्रमोदला विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांना मानतात इथं," प्रमोद म्हणाला आणि झेंडी सावरत पुढं गेला.

दुपारी सगळे बोटीत बसले. सिद्धेश्वरच्या धरणाहून कितीतरी मोठं पाणी, वर पांढऱ्या पाखरांचा गलका. सुभद्राबाईनं पिशवीतून गोळ्या काढल्या.

"मला एकटीला कडू लागत्या. तुमी बी घ्या की एक."

"लहान लेकरू हायेस का?" म्हणत त्यानं एक गोळी तोंडात टाकली. तिच्या मनासाठी तो हल्ली रोजच घ्यायचा.

वारा सुटला तशी ती पदर सावरत गुणगुणू लागली,

"चालले जलमभर धन्याच्या सावलीनं,
आता ऊन कललं, देते सावली मायेनं."

"ओवी बराबर ध्यानात हाय की गं!" नामाजी हरखला. अजून सगळंच हातचं गेलेलं नव्हतं.

उन्हं उतरताना प्रमोदनं सगळ्यांना छताखालच्या जुन्या बाजारात नेलं. चाय, दुकान, मैदान, हे शब्द त्या लोकांच्या तोंडी ऐकून नामाजीला हिंगोलीच्या बाजारात आल्यागत वाटलं. एका दुकानाबाहेर लोकरीचे गालिचे टांगले होते. लोकर दिसली आणि त्याला राहवलं नाही. लोकर पारखायची तर दोन्ही हातांनी फाकवून, मुळाशी बोटं घालून बघावी लागते. त्यानं ती फाकवली, हुंगली, पार रमला.

मान वर केली तर शेजारी कुणी नव्हतं. लाल झेंडी नव्हती, केशरबाईचं हसू नव्हतं. हात रिकामा होता.

"सुभद्रे!"

पन्नास वर्षांत त्यानं तिला चारचौघांत पहिल्यांदा नावानं हाक मारली. इकडं धावला, तिकडं धावला. सगळ्या गल्ल्या सारख्याच. शेवटी त्यानं गालिचेवाल्याचे हात धरले.

"भाई, मेरी घरवाली गुम हो गयी! उसकू कुच याद नै रहता!"

दुकानदाराला शब्द कळले नसावेत. त्यानं नामाजीला खालीवर न्याहाळलं, त्याच्याभोवती फिरून मागं गेला, क्षणभर थबकला. मग खांद्यावर हात ठेवून त्याला स्टुलावर बसवलं, समोर चहा ठेवला आणि कुणाला तरी फोन लावला.

चहा तसाच ठेवून तो गल्लीकडं बघत राहिला. बजरंगला काय तोंड दावू? ती बिचारी कुठं बसली असेल? गावाचं नाव तरी सांगता येईल का तिला?

तेवढ्यात गर्दीतून सुभद्राबाई धावत आली. पदर घसरलेला, ऊर धपापत होता. मागं प्रमोद.

"कुठं गेली व्हतीस?" नामाजी ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याला रडू फुटलं. "जीव गेला आस्ता माझा!"

"चुकले," ती हात जोडून म्हणाली. "तुमी हुडकलंत म्हणून सापडले."

त्यानं उपरण्यानं तिचे डोळे पुसले. "पुन्हा हात सोडायचा न्हाई."

"न्हाई सोडत."

तिचा हात धरून तो झेंडीमागं चालू लागला. दुकानदार दारात उभा राहून बघत होता. नामाजीच्या जॅकेटच्या पाठीवर, मेंढीला गेरूची खूण करतात त्या जागी, सुभद्राबाईनं प्रमोदकडून लिहून घेतलेली तुर्की अक्षरं लाल दोऱ्यानं शिवली होती: 'यांना विसर पडतो. एकटे दिसले तर बसवून घ्या आणि या नंबरावर फोन करा. मी यांची बायको.'