एकसष्ट वेळा म्यूट

"मशीन बदलून द्या, न्हायतर डोस्क्यातला भाग तरी बदला. पण काय ते आज सांगा," विजयसिंह म्हणाले, आणि बाहेरच्या बाकावरची माणसं काचेतून आत बघायला लागली.

त्यांचा आवाजच तसा. मुरगूडला खताचं दुकान. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून विचारणार आणि हे अलीकडून सांगणार. राजारामपुरीतल्या एवढ्याशा क्लिनिकमध्येही त्यांना हळू बोलणं जमत नव्हतं. शबनूरला त्याचं काही वाटलं नाही. बहिऱ्या मुलांना ऐकायला शिकवण्यात तिची दहा वर्षं गेली होती, पण त्यांच्या बापांना हळू बोलायला शिकवणं तिला अजून साधलं नव्हतं.

सात वर्षांची तेजस्वी आईवडिलांच्या, म्हणजे संयोगिता आणि विजयसिंहांच्या, मधल्या खुर्चीत बसली होती. ती जन्मापासून बहिरी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून कानाच्या आत एक भाग बसवला. बाहेर कानावर काजूच्या आकाराचा प्रोसेसर. तो अडकवला की ऐकू येतं, काढला की सगळं गप्प. आत्ता तो शबनूरच्या टेबलावर होता, वायरने कॉम्प्युटरला जोडलेला. तेजस्वी पाय हलवत, जो बोलेल त्याच्याकडे बघत होती.

"नेमकं काय होतंय?" शबनूरने विचारलं.

"सांच्याला बंद पडतंय. आठला दुकानातनं येतो, जेवाय बसतो, हाक मारतो, तर ही आपली मख्ख. शाळंत दिवसभर चांगलं चालतंय. मागल्या आठवड्यात गडहिंग्लजला मुक्कामी गेलतो, तवा रात्री फोनवर झ्याक बोलली की."

"ताई, तुमच्या लक्षात आलं का?"

"व्हतंय तसं," संयोगिता म्हणाली. "कधीतरी."

"कधीतरी कशाला, रोज!" विजयसिंहांनी टेबलावर बोट आपटलं. "ऑपरेशन परत करायला लागंल काय मॅडम? तेवढं सांगा. लहान पोरगीय."

शबनूरला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. खरं तर तिलाही तीच धास्ती होती. बाहेरचं मशीन धडधाकट निघालं, तर बिघाड आतल्या भागात. मग पुन्हा भूल, पुन्हा कानामागे चीर.

"ह्यात एक चिप आहे," ती म्हणाली. "ती आवाजाचे आकडे करते आणि आत पाठवते. आकड्यांत चूक सापडली की चिप स्वतःच आवाज बंद करते. नाहीतर पोरीच्या डोक्यात नुसती खरखर घुसेल. आणि बंद केला की तशी नोंद ठेवते. त्या नोंदी बघू."

तिने चुकांचा रकाना उघडला. बिघाड शोधणारी माणसं आधी तोच उघडतात. दोन महिन्यांत चुका शून्य. बॅटरी उत्तम. माईक उत्तम. तिने परत तपासलं. शून्यच.

"म्हणजे मशीन चांगलं हाय?" विजयसिंहांचा चेहरा उतरला. "मग आतलंच गेलं. ऑपरेशनची तारीख काढा मॅडम. उगंच थांबायला नको."

"ऑपरेशन नको," संयोगिता एकदम म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शबनूरने दुसरा रकाना उघडला. तो ती सहसा बघतच नसे. त्यात चुका नसतात, हुकूम असतात: आवाज वाढव, कमी कर, म्यूट कर. हुकूम आला की चिप कारण विचारत नाही, मुकाट पाळते. दोन महिन्यांत एकसष्ट म्यूट. सगळे आठ ते नऊच्या दरम्यान. गडहिंग्लजच्या मुक्कामाच्या दिवशी एकही नाही.

शबनूरने संयोगिताकडे बघितलं. संयोगिताच्या मुठीत मोबाईल होता.

"चिपने आवाज बंद केलेला नाही," शबनूर सावकाश म्हणाली. "तिला तसं सांगितलं गेलंय. मोबाईलच्या ॲपवरून."

"कुणी?"

संयोगिताने मोबाईल टेबलावर ठेवला.

"मी. तुमची गाडी दारात वाजली की बंद करते. तुम्ही झोपला की चालू करते."

"येड लागलंय काय तुला? एवढा खटाटोप करून पोरीला ऐकू यायला लागलं, आन् तू..." विजयसिंहांनी लेकीकडे एक नजर टाकली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तिला आत्ता ऐकू येत न्हाय. सांग. का?"

"जेवताना तिच्यावरनं मला जे बोलता, ते तिच्या कानात जाऊ नये म्हणून."

"रागात बोलतोय माणूस. मनात असतंय व्हय तसं?"

"मनातलं मला म्हाईत न्हाय. तिला ऐकू गेलं न्हाय, तेवढंच माझ्या हातात हुतं."

शबनूरने वायर काढली आणि प्रोसेसर तेजस्वीसमोर धरला. तेजस्वीने तो घेतला नाही. तिचे हलणारे पाय थांबले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती भलतीच मोठ्याने बोलली, थेट बाहेरच्या बाकापर्यंत.

"मम्मी, म्यूट करू नको. त्याचा काय उपेग न्हाय. शाळंत बाईंनी मला तोंड वाचाय शिकवलंय."

मग ती वडिलांकडे वळली, आणि धडा म्हणून दाखवावा तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "'ही - जन्मताच - मेली असती - तर - सुटलो असतो.' बरोबर वाचलं न्हवं, पप्पा?"