करंडा

किल्ली दुपारभर मुठीत धरून कुसुमताईंच्या हाताला घाम फुटला होता. खिडकीपाशी खुर्ची, पाठीवर उतरतं ऊन, आणि डोळे असे जडावलेले की समोरचं हळदीकुंकू त्यांना पाण्यातून पाहावं तसं दिसत होतं. जरीचे काठ सरकत होते. गुलाबपाणी उडत होतं. बाहेर नल्लकुंट्याच्या गच्च्यांवर संक्रांतीचे उरलेसुरले पतंग डुलत होते. त्यातला एक लाल पतंग गल्लीच्या टोकाला, त्यांच्याच रिकाम्या घराच्या टाकीला अडकून फडफडत होता.

त्या घरावरूनच तर सगळं चाललं होतं, मुठीतली किल्लीही त्याचीच. नारायणगुड्याच्या शाळेत जन्मभर शिकवून ताईंनी ते चार खोल्यांचं घर बांधलेलं. आता एका संस्थेला ते भाड्यानं हवं होतं. मनाच्या आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या काही बायका तिथं राहणार होत्या, सोबतीला एक नर्स. दुसरं घर कुणी देत नव्हतं. ताई नाही म्हणाल्या तर त्या बायका इस्पितळातच पडून राहणार होत्या. संस्थेची शर्वरी आज उत्तर न्यायला येणार होती, आणि त्याआधी गल्लीनं ताईंना घेरलं होतं.

"वद्दु अंटे वद्दु, काकू. नको म्हणजे नको!" शेजारची पद्मा म्हणाली. "एवढी चांगली आपली गल्ली, कशाला उगीच डोक्याला ताप?"

"आणि आई, ईशा क्लासहून त्याच घरावरून येते," मंगला म्हणाली. मंगला म्हणजे ताईंची सून. तिच्या हातात चांदीचा करंडा होता. "ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागेल हो." मंगला काही वाईट नव्हती. पोरीच्या काळजीनं बिचारीला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

ताई "हं" म्हणाल्या. होकार की नकार, कुणाला कळलं नाही. खरं सांगायचं तर ताईंनाही कळलं नव्हतं. नातीसाठी भीती त्यांनाही वाटतच होती की!

करंडा फिरत फिरत खिडकीपर्यंत आला आणि नेहमीसारखा वळून पुढं गेला. ताईंचे यजमान मुकुंदराव गेले तेव्हापासून तो असाच वळायचा. कुणाच्या मनात काही वाकडं नसायचं. बायका मायेनं ताईंच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या, वाकून नमस्कार करायच्या, कपाळ तेवढं सोडून द्यायच्या. ताई खिडकीबाहेर बघत राहायच्या. दुखायचं मात्र दर वर्षी.

तेवढ्यात दारात शर्वरी उभी राहिली. सोबत चाळिशीची एक बाई, इस्त्रीची साडी चापूनचोपून नेसलेली.

"ही त्रिवेणी," शर्वरी म्हणाली. "त्या घरात राहायला येणाऱ्यांपैकी एक."

पद्मानं आपल्या पोरीला हळूच जवळ ओढलं.

पण हळदीकुंकवाच्या दिवशी उंबऱ्यात आलेल्या बाईला तसंच कसं परत पाठवणार? मंगलानं शर्वरीला कुंकू लावलं. मग बोटाच्या टोकानं, लांबूनच, त्रिवेणीला लावलं. वाण म्हणून बेगम बाजारातून आणलेली स्टीलची वाटी तिच्या हातात ठेवली. त्रिवेणीनं वाटी आधी कपाळाला लावली. मग रीतीप्रमाणं करंडा घेऊन मंगलाला उलट कुंकू लावलं आणि खोलीभर बघितलं.

"घरातल्या मोठ्या या का?" म्हणत ती सरळ खिडकीपाशी गेली.

"अगं, नक्को! त्यांना नाही लावत!" मंगला ओरडलीच. मग बायकांकडं वळून म्हणाली, "बघा, म्हणूनच म्हणत होते मी. काही कळतं का यांना?"

त्रिवेणी थांबली. ताईंच्या कोऱ्या कपाळाकडं तिनं नीट पाहिलं. कळलं तिला. तरी करंडा काही तिनं खाली ठेवला नाही.

"मालक मला इस्पितळात सोडून गेले," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यानंतर मला कुणी लावलं ते आजच. आई, तुम्हाला हवंय का?"

ताईंना वाटलं, आपला डोळा लागला असावा. नको, नाही, चालत नाही, हे सांगणारे आजवर पुष्कळ भेटले होते. हवंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी हो म्हणून मान हलवली.

त्रिवेणीचं बोट गार होतं. कुंकवाचे चार कण ताईंच्या नाकावर सांडले. मंगला करंडा हिसकून घ्यायला पुढं आली होती, ती सासूचा चेहरा बघून जागच्या जागी उभी राहिली. एवढ्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आम्ही उद्या येतो, ताई," शर्वरी घाईनं पुटपुटली आणि त्रिवेणीला घेऊन दाराकडं वळली.

"थांब गं," ताई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या, सगळ्या बायकांच्या मधून चालत दारापर्यंत गेल्या आणि मूठ उघडली. घामानं ओली किल्ली त्रिवेणीच्या वाटीत खणकन पडली.

"मला कुंकू लावलंस, आणि माझं वाण न घेताच निघालीस?"