किलवरची सत्ती

“एक इस्पिक,” वहिनी म्हणाल्या आणि समोर बसलेल्या वकिलांनी पानांवरून मान वर केली.

संसारातले जोडीदार ब्रिजमध्येही जोडीदार होते. हुकमाचं नाव जोडीतला जो आधी घेईल, त्यानं डाव खेळायचा, दुसरा डमी. डमीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसायचं. नाव आधी आपणच घ्यायचं, ही वकिलांची वर्षानुवर्षांची दक्षता. आज पहिली बोली वहिनींकडे आली. वकिलांनी ‘बिनहुकूम’ म्हणत डाव आपल्याकडे ओढून पाहिला. वहिनींनी ओढू दिला नाही. बोली सहा इस्पिकांवर थांबली. तेरापैकी बारा हात करायचे होते.

सामन्यातला हा शेवटचा डाव. पुढच्या मोसमापासून वकील दातांच्या डॉक्टरांबरोबर खेळणार होते. वहिनींना ते घरी कळलं नव्हतं. क्लबच्या जिन्यात, दुसऱ्यांच्या तोंडून कळलं होतं. तेच डॉक्टर आज वहिनींच्या डावीकडे, प्रतिस्पर्धी म्हणून बसले होते.

वकिलांनी पानं मांडली. “सांभाळून हं,” एवढंच म्हणाले. कोर्टात ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, त्यांना आता नियमानं गप्प बसणं भाग होतं.

एक हात सुरुवातीलाच गेला. अकरा पक्के होते. बाराव्यासाठी डमीतला बदामाचा गुलाम तरी मोठा व्हायला हवा होता, नाहीतर किलवरची सत्ती.

वहिनी हुकूम खेळत सुटल्या. एकामागून एक. वकिलांना हे घर जाळून शेकत बसण्यासारखं वाटलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढं नियमात बसत होतं.

वहिनींचं लक्ष डॉक्टरांच्या अंगठ्याकडे होतं. आधी तो झटपट पान काढत होता. आता एका कडेच्या पानापाशी जायचा, थबकायचा, परत फिरायचा.

तीन पानं उरली. वहिनींनी शेवटचा हुकूम टाकला.

डॉक्टर थांबले. त्यांच्या हातात बदामाचे राजा-राणी आणि कडेला किलवरची अठ्ठी. बदाम सोडावा, तर डमीतल्या बदामाच्या एक्क्यामागून गुलाम निसटणार. अठ्ठी सोडावी, तर सत्ती मोकळी. इकडे आड, तिकडे विहीर.

“एक काढावंच लागेल, डॉक्टर,” वहिनी म्हणाल्या. “दुखेल थोडं.”

डॉक्टरांनी अठ्ठी काढली.

“गुलाम टाका,” वहिनींनी वकिलांना सांगितलं. मग बदामाची तिर्री खेळून त्यांनी डमीतला एक्का मागितला. “आता ती सत्ती, अहो.”

वकिलांनी स्वतःच्या हातानं सत्ती पुढे सरकवली. बारा.

डॉक्टर हसत सुटले. “वकीलसाहेब, आपलं ठरलेलं विसरा. वहिनी, पुढच्या मोसमात माझ्याबरोबर खेळता का?”

“तिचा जोडीदार ठरलाय,” वकील घाईघाईनं म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, “अगं, पण हे तू शिकलीस कुठे?”

“तुमच्यासमोर,” पानं गोळा करत वहिनी म्हणाल्या. “इतकी वर्षं डमी होते. पानं मांडून झाली की, कोण काय टाकतंय ते बघण्याशिवाय मला दुसरं काम काय होतं?”