चालत्या गाडीतून

"तुटलं! परत तुटलं मेलं!" स्वप्नालीनं लॅपटॉपच्या कडेवर तळहात आपटला.

रुग्णवाहिका वाठारहून हमरस्त्याला लागली होती. मागं कोडोलीचे गणपतराव छातीला तारा चिकटवून आडवे पडलेले, सदरा घामानं भिजून गेलेला. त्यांचे पाय मांडीवर घेऊन बायको, अंबूबाई, तळवे चोळत बसली होती. ठोक्यांचा आलेख लॅपटॉपवर उमटत होता. तो मोबाइलवरनं शाहूपुरीतल्या हृदयाच्या दवाखान्यात जायचा, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तो बघून 'द्या' म्हणायचं, मगच गाडीतल्या डॉक्टरनं, मृत्युंजयनं, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. न बघता दिलं आणि दुखणं दुसरंच निघालं तर रक्तस्राव होऊन माणूस हातचा जायचा. म्हणून मृत्युंजय सुई भरून नुसता बसला होता.

आणि आलेख काही पोचत नव्हता. निम्मा जायचा, गाडी पुढच्या टॉवरच्या हद्दीत गेली की फोन तुटायचा. परत जोडला की इंटरनेट त्याला नवा पत्ता द्यायचं. झालं! दवाखान्यातला संगणक पत्त्यावरनं ओळख ठेवणारा. पत्ता नवा म्हणजे मशीन नवं, मशीन नवं म्हणजे पेशंट नवा. आधीचा निम्मा आलेख तो सरळ फेकून द्यायचा आणि म्हणायचा, पहिल्यापासून पाठवा. अरे, तीच गाडी, तोच माणूस, तेच काळीज! पण सांगणार कुणाला?

सांगितलं नव्हतं असंही नाही. स्वप्नाली इंजिनिअरिंग कॉलेजात हेच शिकवायची आणि गाडीतली ही जोडणी तिचीच होती. तिनं विभागप्रमुखांना लिहून दिलं होतं की ही सगळी पद्धत टेबलावर बसलेल्या मशीनसाठी केलेली आहे. हिंडणाऱ्या मशीनला कायमचं एक नाव पाहिजे; पत्ता बदलला तर त्या नावाखाली नवा पत्ता लागावा, चाललेलं बोलणं तुटू नये. त्यासाठी दवाखान्यातला संगणकही बदलावा लागेल. विभागप्रमुख हसले होते. "अहो मॅडम, अख्खं इंटरनेट बदलाय निघालाय काय कोल्हापुरात बसून? उद्घाटनाची तारीख ठरलीय. आहे ते चालवा."

उद्घाटन झालं होतं. गाडीच्या नाकाला अजून झेंडूचा हार होता.

आलेख किती गेला ते दाखवणारी लॅपटॉपवरची पट्टी पुन्हा सरकायला लागली. मृत्युंजयनं मान पुढं काढली. अंबप फाटा मागं पडला आणि पट्टी थांबली.

"छे!" स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "डॉक्टर, गाडी थांबवू या. हललो नाही तर जाईल. हललो की तुटतंय."

"नाही थांबलो तर?"

"तर दवाखान्याच्या दारापर्यंत हेच."

पुढं बसलेल्या बाळासोनं सगळं ऐकलं होतं. त्यानं गाडी हाणतच मान वळवली. "म्याडम, टाळकं ठिकाणावर हाय न्हवं? माणूस घायकुतीला आलाय आन् गाडी थांबवू? शिरोलीत ट्रकांनी आधीच रस्ता तुंबवलेला असतोय!"

मृत्युंजयनं गणपतरावांची नाडी धरली. बराच वेळ सोडली नाही.

"थांबव, बाळासो. एवढ्या वाटंला इंजेक्शनाबिगर निभणार नाही."

बाळासोनं शिवी हासडली आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद झालं. आत एकदम गणपतरावांचा श्वास ऐकू यायला लागला.

"आलं व्हय कोल्हापूर?" अंबूबाईनं विचारलं. तिनं खिडकीतनं बाहेर बघितलं. बाहेर ऊस होता. "आगं बया, हितं का थांबलासा? पंचर झाली काय?"

"नाही मावशी. एवढं जाऊ दे फक्त. लगेच निघतोय."

"काय जाऊ दे?"

स्वप्नालीला उत्तर द्यायचं भान नव्हतं. पट्टी सरकत होती. शेजारनं ट्रक गेले की गाडी हादरायची आणि ती लॅपटॉप दोन्ही हातांनी धरायची. गणपतराव कण्हले. अंबूबाई अंबाबाईला हाका मारायला लागली. बाळासो खाली उतरून उगाच टायरला लाथा घालत होता.

पट्टी शेवटाला पोचली.

फोन लगेच वाजला. मृत्युंजयनं तो कानाला लावला, पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "द्या, लगेच द्या. आणि एवढा उशीर का केला?" त्यानं फोन बाजूला टाकला, शीर धरली आणि सुई टोचली. बाळासो उडी मारून आत बसला, गाडी सुटली.

टोप गाव मागं पडलं. गणपतरावांनी डोळे उघडले नव्हते. मृत्युंजयचं बोट नाडीवरच होतं.

"काय पाठवलंस पोरी?" अंबूबाईनं विचारलं.

"ह्यांच्या ठोक्यांचं चित्र, मावशी. ते बघितल्याशिवाय मोठे डॉक्टर इंजेक्शन द्या म्हणत नाहीत."

"आन् गाडी थांबल्याबिगर त्ये जात न्हाई?"

"नाही जात."

अंबूबाईचे हात नवऱ्याच्या तळव्यावर थांबले. तिनं स्वप्नालीकडं बघितलं. रागानं नव्हे; तिला खरंच कळत नव्हतं.

"मग आमच्या दारातनंच का गं न्हाई पाठवलंस? तितं गाडी उभीच हुती की."