हेल्मेटवरचा हिरवा दिवा

"हे नको मला," तूरिड म्हणाली आणि हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या यंत्रांची जोडी काउंटरवर परत सरकवली. "चाळीस वर्षं मोटारसायकलवर हातवाऱ्यांवर भागलं की आपलं! पाय बाहेर काढला की खडी, हात खाली-वर केला की हळू. आता म्हातारपणी कानात भुंगा कशाला?"

तिचे हातवारे तिच्या नवऱ्याला, ओडवारला, वसंतापासून दिसतच नव्हते. बघावं तिथे मधोमध धुक्याचा गोळा, जग काय ते कडेकडेनं शिल्लक. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मोटारसायकल आजपासून बंद. घरी हे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. निवृत्तीनंतर दोघांचं म्हणून एवढंच तर उरलं होतं. तिची लाल गाडी, त्याची काळी, आणि डोंगरापलीकडच्या त्यांच्या लाकडी खोपटाकडे जाणारा रस्ता. तेही सुटलं तर समोरासमोर बसून करायचं काय? भिंती मोजायच्या?

"गेल्या रविवारचं आठव," तो म्हणाला. "बोगद्याच्या तोंडाशी मेंढीच्या गळ्यातली घंटा ठणाणा वाजत होती, तरी तू आपली सुसाट! थोडक्यात वाचली बिचारी. मी मागून बोंबलून बोंबलून दमलो."

तूरिड नुसती त्याच्याकडे बघत राहिली. हल्ली हे असंच. दहा गोष्टी विचाराव्यात, तेव्हा दोनांना उत्तर. त्याने कुंपणाला गाडी घासली तेव्हापासून बाईसाहेबांचा राग नाकावर आहे, अशी त्याची समजूत होती.

दुकानदार शेटिल त्यांच्या शेजाऱ्यांचा मुलगा. त्याने दोघांच्या हेल्मेटना यंत्रं अडकवून दिली.

"काकू, डोंगर आडवा आला तरी आवाज तुटायचा नाही बघा. तिकडून काका बोलले की इथे बाहेर हिरवा दिवा लागतो." मग तो हसला. "माझ्या मिशीत काही अडकलंय का हो? केव्हाच्या बघताय!"

"काप ती मिशी आधी, मेल्या. तोंड दिसत नाही तुझं."

ओडवारलाही हसू आलं. तिचा राग ओसरतोय असं वाटून त्याला जरा धीर आला.

"काका, तुम्ही अंगणात जा, काकू इथे थांबतील. बोलून बघा काय ते," म्हणत शेटिल खोकी आणायला मागे गेला. केस विसकटतात म्हणून तूरिडने हेल्मेट डोक्यात घातलंच नाही, हातातच धरलं. ओडवारने मात्र घट्ट पट्टा आवळला आणि बाहेर गेला. काचेपलीकडे तिच्या जागी त्याला धुकंच दिसत होतं.

"तूरिड, येतंय का ऐकू?"

"अगदी स्पष्ट!"

तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक त्याला कंठ फुटला.

"ऐक. मला समोरचं दिसत नाही गं. मध्ये सगळं धुकं. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाडी सोडा. पण एकदा, फक्त एकदा खोपटापर्यंत जाऊ. तू पुढे राहा. वळण आलं की सांग, मेंढ्या आल्या की सांग. तू नको म्हणालीस तर आत्ता इथेच गाडी विकतो. शपथ."

मग तिचा आवाज आला, शांत, मायेचा.

"छान आहे रे. घेऊन टाक."

यंत्रं घे, म्हणजे जायचं! त्याला रडूच कोसळलं. ना आरडाओरडा, ना 'इतके दिवस का लपवलंस'. असं माणूस नशिबाने मिळतं, असं तो हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये पुटपुटला आणि डोळे पुसून आत गेला. घरी त्याने विषय पुन्हा काढला नाही. एकदा बोललेलं उगाळायचं नाही, ही त्यांच्या घरची रीतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूरिडने वॉफल आणि तपकिरी चीज बांधून घेतलं. गाडीवर बसता बसता म्हणाली, "सांभाळून घे हं मला."

"आता सांभाळायचं तूच!" हेल्मेटची काच खाली ओढत तो हसून म्हणाला.

रस्ताभर तिची टकळी चालू होती. "हे डावं वळण बघ, इथेच तुझी टोपी उडाली होती!" "अगंबाई, पुलाला नवा रंग दिलाय." आणि तो वळत होता, हळू होत होता. सांगायची काय तऱ्हा! आंधळ्याला आंधळं म्हणून हिणवणं नाही, काही नाही. कडेची पांढरी रेघ, पुढे तिच्या गाडीचा लाल ठिपका आणि तिचा आवाज, एवढ्यावर त्याची गाडी चालली होती. एकदा त्याने विचारलं, "पुढे काय आहे?" ती गुणगुणत राहिली. रस्ता सरळ असणार, त्याने ओळखलं.

मग बोगदा आला. कडेची रेघ अंधारात बुडाली. आणि पुढून कुठूनतरी घंटा ऐकू आल्या. एक नाही, पुष्कळ.

"तूरिड! मेंढ्या! कुठल्या बाजूला आहेत? सांग लवकर!"

"ओडवार," तिचा आवाज कापरा झाला होता, "सकाळपासून धीर गोळा करतेय. तुझ्या तोंडावर सांगायला जमेना रे. नाताळापासून माझे दोन्ही कान गेलेत. घंटा नाही, हॉर्न नाही, काही नाही. लोकांचे ओठ बघून भागवत होते. काल दुकानात त्या हिरव्या दिव्याकडे बघून बोलत होते. तू काय म्हणालास, देव जाणे."

"तूरिड, थांब! थांब गं!"

"या बोगद्याची मला फार भीती वाटते. मेंढ्या असल्या तरी मला कळायचं नाही."

पुढचा लाल ठिपका उजवीकडे सरकला आणि त्याच्या शेजारून मागे गेला. समोर काहीच उरलं नाही.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "तुझे डोळे आहेत, म्हणून तर मी निघाले."